दुसरा हात

लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकली ती जेमतेम सहा मिनिटं. सहा मिनिटांत काय होतं? चहाला उकळी येते, नळाखालची बादली भरते, फार तर शेजाऱ्यांचं एखादं भांडण पेटून विझतं. पण त्या सहा मिनिटांनंतर तो बाहेर पडला तेव्हा आपला उजवा हात आपण कुणा परक्याचा उचलून आणलाय असं त्याला वाटत होतं, आणि तो त्यानं पँटच्या खिशात कोंबला होता. लिफ्टमध्ये दोघंच होते. एक तो, पायाशी बर्फाचा डबा घेऊन, आणि दुसरी सातव्या मजल्यावरची म्हातारी, जिच्यासाठी त्या डब्यात एक पाकीट होतं. त्याच्या मटणाच्या दुकानाचं ते सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. दर आठवड्याला ती दारात पाकीट दोन्ही हातांनी घ्यायची आणि दार लावण्याआधी न चुकता विचारायची, शांतपणे गेलं ना? तो म्हणायचा, हो आजी, अगदी शांतपणे. मग तिचा जीव भांड्यात पडायचा. मेंढी तासाभरानं पडायची. आज ती टपाल बघायला खाली आली होती म्हणून दोघं एकत्र चढले. धप्पकन आवाज झाला, दिवा मंदावला, पंखा थांबला. म्हातारीनं आधी एक बटण दाबलं, मग सगळी दाबली, मग तळहातानं दारावर थापा मारायला लागली, आणि मग तिचा श्वास लागला. तसला श्वास त्याच्या ओळखीचा होता. पोट आत जातं, नाकपुड्या फुलतात, डोळ्याचं पांढरं मोठं होतं. माणसाचंही तितकंच मोठं होतं हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. काही ठरवायच्या आतच त्याचा डावा हात उठला आणि तिच्या कानामागं गेला, जिथं कवटी संपते आणि मान सुरू होते तिथं; चार बोटं मागं, अंगठा जबड्याखाली. घशातून एक हुंकार निघायला लागला, गाणं नाही, शब्द नाही, नुसतं हं, हं. म्हातारी दोनदा थरथरली. मग तिची मान सैल पडली, डोळे मिटले आणि तिनं आपलं सगळं डोकं त्याच्या तळहातावर टाकलं. त्याच क्षणी त्याच्या ध्यानात आलं की आपला उजवा हात जागेवर नाही. तो कमरेच्या मागं गेला होता. रोज कामाच्या वेळी तिथं चामड्याचं म्यान लटकतं. म्यान नव्हतं म्हणून बोटांनी शर्टाची किनार मुठीत धरली होती आणि कोपर मागं ताणून तो हात वाट बघत उभा होता.

म्हातारीनं काही पाहिलं नाही. लिफ्ट हलली, दिवा लागला, तिनं डोळे उघडले, केस सारखे केले आणि लाजून हसली. काय हात आहे रे तुझा, म्हणाली, डॉक्टरच व्हायचास. सातव्या मजल्यावर पाकीट घेताना तिनं नेहमीचा प्रश्न विचारला आणि त्यानं नेहमीचं उत्तर दिलं. मग तो सात मजले जिन्यानं उतरला. डब्यात अजून अकरा पाकिटं होती, अकरा घरं व्हायची होती, आणि दुपारी तीन वाजता एक वेगळंच काम होतं, ज्याचा विचार त्यानं सकाळपासून मनाच्या दाराबाहेर उभा करून ठेवला होता. तीन वाजता त्याला बापाला वृद्धाश्रमात सोडून यायचं होतं.

वजन देणं, हा शब्द बापाचा. थोरले, म्हणून गिऱ्हाईकं त्याला ओळखत, आणि याला पंचेचाळिसाव्या वर्षीही धाकटे. जनावर वजन देतं, थोरले म्हणायचे, तोवर थांबायचं. हात कानामागं ठेवून उभं राहायचं, मिनिट लागो की दहा लागोत. ते आधी अंग चोरतं, मग ऐकतं, मग एकदम सगळं डोकं तुझ्या हातावर टाकतं, जसं काही त्याचं तिथून पुढचं सगळं तू बघणार आहेस. तेव्हाच. त्याच्या आधी नाही आणि नंतर तर नाहीच. दिवसाला तीन जनावरं, चौथं नाही. पुढच्याचं मागच्याला दिसू नये म्हणून वाटेला वळण. प्रत्येक वेळी जमीन धुऊन नवा पेंढा. ओढायचं नाही, ओरडायचं नाही, घाई करायची नाही. सुरीला धार दुसऱ्या खोलीत. आणि उजवा हात कायम मागं, तो त्याला दिसता कामा नये. हे सगळं म्हाताऱ्यानं कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं आणि त्यात दयाबिया काही नव्हती. घाबरलेल्या जनावराचं मांस काळं पडतं, चिवट होतं, टिकत नाही, एवढं साधं गणित. शेजारचे दुकानदार तासाला वीस कापत आणि थोरल्यांना हसत. थोरले म्हणत, हसू देत, त्यांचं मटण त्यांच्या बायकाच शिजवतात, मग त्यांना कळतं. धाकट्यानं हा हात शिकायला चार वर्षं घेतली. पहिल्या दिवशी त्याचाच हात इतका थरथरत होता की मेंढीच त्याच्याकडे दयेनं बघायला लागली होती, असं बाप पुढं कित्येक वर्षं चारचौघांत सांगायचा.

मग कधीतरी शहराला दयेचा पाझर फुटला. मटण कुठून येतं, मेंढी काय खायची, तिला हिंडायला जागा होती का, असं विचारणारी माणसं दुकानात यायला लागली. आधी दोघं बापलेक त्यांना वेडगळच समजले. पण बायकोनं ओळखलं. ती गल्ल्यावर बसायची आणि तिच्या नजरेला माणूस दारात पाऊल टाकतानाच कळायचा. दुकानाला पांढरा रंग लागला. दर पाकिटावर चिठ्ठी चिकटायला लागली, अमुक टेकडीच्या उतारावर वाढलेली, दहा महिन्यांची, तणावाशिवाय. महिन्यातून एका रविवारी गिऱ्हाईकं पोराबाळांसकट टेकडीवर कुरण बघायला यायची, कोकरांना पोटाशी धरायची, त्यांची नावं ठेवायची. धाकटा म्हणाला, नावं नको. बायको म्हणाली, ठेवू द्या की, आपलं काय जातं. पुढच्याच महिन्यात एका बाईचा फोन आला की आमच्या मुलीनं जिला कापशी नाव ठेवलं होतं तिची मांडी मिळेल का, म्हणजे निदान ओळखीची तरी. बायकोनं पाठवली. कुणाची पाठवली ते बायकोलाच माहीत. दुकानाच्या भिंतीवर थोरल्यांचा एक फोटो लागला, पुरुषभर उंचीचा: पांढऱ्या मिशा, छातीशी कोकरू, डावा हात त्याच्या कानामागं, कोकराचे डोळे मिटलेले. खाली ओळ होती, मायेनं वाढवलेलं. म्हाताऱ्यानं ती दोनदा वाचली आणि म्हणाला, "माया कशाला लिहिता? मांस मऊ आहे, एवढं लिहा." फोटोत उजवा हात आलेला नव्हता. फोटो काढणाऱ्यानं तो मुद्दाम कापला की म्हाताऱ्यानं सवयीनं मागं ठेवला होता, याचा विचार आजपर्यंत कुणी केलेला नव्हता. आज पाचव्या घराची घंटा वाजवताना धाकट्याला तो विचार आला, आणि दार उघडणाऱ्या माणसाला त्यानं दुसऱ्याच कुणाचं पाकीट दिलं.

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. थोरले आता दुकानात येत नसत. वर्षभरापासून त्यांच्या डोक्यातले एकेक दिवे मालवत चालले होते. दुपारचं जेवण झालं की नाही ते आठवायचं नाही, पण सकाळी उठून स्वयंपाकघरातल्या सगळ्या सुऱ्यांना धार लावायचं आठवायचं. बायकोनं सुऱ्या कुलपात ठेवल्या. ते चमच्यांना धार लावायला बसले. हसण्यावारी नेलं सगळ्यांनी. त्यांची नात, पाच वर्षांची, दिवसभर घरात गरगर फिरायची म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणत, ती तेवढी आजोबांच्या खोलीत गेली की एका जागी बसायची. एका दुपारी बायको धुतलेले कपडे घेऊन त्या खोलीत शिरली. पोरगी बुटक्या स्टुलावर बसलेली, डोळे मिटलेले, मान सैल. म्हाताऱ्याचा डावा हात तिच्या कानामागं. हं, हं, असा हुंकार. आणि उजवा हात पाठीमागं. बायको किंचाळली. ती किंचाळली म्हणून पोरगी रडली, पोरगी रडली म्हणून म्हातारा थरथरायला लागला, आणि तो हात काही पुढं येईना. हातात काय आहे, बायकोनं विचारलं. म्हातारा म्हणाला, रिकामा आहे. तेवढंच. त्या एका शब्दावर सगळं ठरलं. रिकामा आहे म्हणजे काय, बायको धाकट्याला म्हणाली, त्या हातात काहीतरी असायला हवं होतं असंच ना? त्याच संध्याकाळी भिंगरीला मावशीकडे पाठवलं. बायको दुष्ट नव्हती. सासऱ्याच्या पायाची नखं तीच कापायची, त्यांना औषध तीच द्यायची. तिनं एकच प्रश्न विचारला, उद्या काही झालं तर? या प्रश्नाला जगात कुणापाशी उत्तर नसतं, म्हणून तर तो सगळ्यांना विचारता येतो. गावाबाहेरच्या एका वृद्धाश्रमात जागा मिळाली. घरात थोरल्यांना अण्णा म्हणत. अण्णांना काय सांगायचं? डोळे तपासायला जातोय, असं सांगायचं. हे सुचवलं बायकोनं, पण मान डोलावली त्यानं.

आणि गेले तीन आठवडे त्याचाही अर्धा विश्वास बसला होता. बाप आहे म्हणून काय झालं, डोकं फिरलं की हात कुणाचा नसतो, असं तो स्वतःला सांगत होता. लिफ्टनं आज ते सांगणं मोडून टाकलं. त्याचं डोकं तर धड होतं. त्याच्या मनात म्हातारीविषयी काडीचाही वाईट विचार नव्हता, उलट कणवच होती, आणि तरी हात गेला होता. डावा पुढं गेला की उजवा मागं जातो, बस. पंचवीस वर्षं एकत्र जुंपलेले दोन बैल, एक उठला की दुसरा उठतो. म्हणजे अण्णांचा हातही असाच गेला असणार. हे बायकोला सांगायचं, एवढंच करायचं होतं. घरी जायचं, तिला बसवायचं, लिफ्टमध्ये काय झालं ते जसंच्या तसं सांगायचं. ती शहाणी आहे, तिला पटेल. अण्णा घरी राहतील. पण सहाव्या आणि सातव्या घराच्या मध्ये, सिग्नलला गाडी थांबली असताना, त्याला पुढचंही दिसलं. बायको ऐकून घेईल. हूं म्हणेल. मग तिची नजर हळूच त्याच्या हाताकडे जाईल आणि तिथंच राहील. आज जाईल, उद्या जाईल, तो पोरीला मांडीवर घेईल तेव्हा जाईल. ती अंथरुणात कूस बदलताना जाईल. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. मावशीचं घर काही लांब नव्हतं, आणि बॅगा भरायला बायकोला वेळ लागत नसे. मागच्या गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले तेव्हा त्यानं गाडी पुढं घेतली. डबा रिकामा होईपर्यंत त्याचं दहा वेळा ठरलं आणि दहा वेळा मोडलं.

दुकानात शिरला तेव्हा बायको पाकिटांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. भिंतीवरून बाप मिशीत हसत होता. तिनं मान वर न करता सांगितलं की सातव्या मजल्यावरच्या आजींचा फोन आला होता, त्या तोंड भरून कौतुक करत होत्या. "म्हणाल्या, तुमच्या नवऱ्याच्या हाताला गुण आहे. काय केलंत एवढं?" बोलायला दार उघडं होतं. असं दार आयुष्यात फार वेळा कुणी आपल्यासाठी उघडून धरत नाही. त्याला कळत होतं की आत्ता बोललो नाही तर पुन्हा कधी बोलणार नाही. त्याला हेही दिसत होतं की तिच्या डाव्या हाताच्या बोटाला चिठ्ठीचा डिंक लागलाय आणि त्यावर 'तणावाशिवाय' एवढा एकच शब्द उलटा उमटलाय.

"काही नाही," तो म्हणाला. "हात धरला त्यांचा."

"नुसता?"

"नुसता."

"बरं झालं," ती म्हणाली आणि पुढची चिठ्ठी उचलली. मग आवाज खाली आणून तिनं सांगितलं की अण्णांची बॅग गाडीत ठेवली आहे, मागच्या सीटखाली, त्यांना दिसणार नाही अशी. दोन स्वेटर टाकलेत, औषधांची यादी बाहेरच्या कप्प्यात आहे. त्यानं मान हलवली. धार दुसऱ्या खोलीत लावायची, हा नियम तिला कुणी शिकवला नव्हता, पण चांगल्या घरात काही गोष्टी न शिकवता येतात.

दुकानाची गाडी एकच होती, मटण पोचवायची. तिच्या दोन्ही अंगांना म्हाताऱ्याचा तोच फोटो रंगवलेला होता. स्वतःच्याच फोटोशेजारचं दार उघडून अण्णा आत बसले, पट्टा लावून घेतला आणि लहान पोरासारखे काचेतून बाहेर बघायला लागले. अंगात स्वच्छ शर्ट होता, दाढी केलेली होती. शहर मागं पडायला लागलं तसं त्यांनी विचारलं, डोळ्यांचा डॉक्टर इतका लांब का? तो म्हणाला, चांगला आहे म्हणून. चांगला लांबच असतो, अण्णा म्हणाले. त्यांचा मेंदू आज बऱ्यापैकी जागेवर होता, हेच वाईट होतं. अगदी हरवलेले असते तर सोपं गेलं असतं. रस्त्याकडेला मेंढरं चरत होती. अण्णांनी त्यांच्याकडे बघितलं, मनात त्यांचं वजन केलं असावं, आणि नापसंतीनं तोंड फिरवलं. त्याला बोलायचं होतं, काहीही, फक्त बॅगेविषयी नाही. म्हणून त्यानं आयुष्यात कधी न विचारलेलं विचारलं.

"अण्णा, कानामागचा हात तुम्हाला कुणी शिकवला?"

"तुझ्या आईनं," अण्णा म्हणाले.

त्याला वाटलं, म्हातारा भरकटला. आई तो दीड वर्षाचा असताना गेली. ती कापायच्या खोलीत कधी पाऊल ठेवत नसे, तिला वास सहन व्हायचा नाही, असंच त्यानं ऐकलं होतं. तसं तो म्हणालाही.

"खोलीत कशाला? पाळण्यापाशी. तू भारी रडका होतास. ती तुझ्या कानामागं हात ठेवायची, हं हं करायची. तू वजन द्यायचास. मी रोज बघायचो." अण्णा काचेवर बोटानं काहीतरी गिरवत होते. "ती गेल्यावर एक दिवस मेंढी आवरेना. म्हटलं, पोराला चालतं तर हिला का नाही. बघितलं करून. चाललं."

चाललं, असं ते इतक्या सहज म्हणाले की जणू एखाद्या कुलपाला दुसऱ्या कुलपाची किल्ली लागली होती. गाडी सरळ चालली होती. आईची आपल्याला एकही आठवण नाही, हे तो आयुष्यभर सगळ्यांना सांगत आला होता, आणि सांगताना त्याचा आवाज थोडा जड व्हायचा. आठवण होती. दिवसाला तीन वेळा होती. तिच्याच हातानं तो हजारोंच्या मानेखाली सुरी घालत आला होता, आणि लोक त्या मांसाला मऊ म्हणत होते. त्याला बापाचा भयंकर राग आला. बायको गेल्यावर माणूस तिचं लुगडं जपून ठेवतो, नाहीतर फोटो लावतो. यानं तिचा हात कामाला लावला. आणि लगेच त्याला हेही कळलं की त्या हातापलीकडे अण्णांनी तिचं दुसरं काही ठेवलेलंच नव्हतं. राग कुठं ठेवावा ते त्याला कळेना. त्यानं मनाशी एकच ठरवलं की आज तो हात वापरायचा नाही. अण्णा आले तर आपल्या पायांनी आले पाहिजेत. नाही आले तर गाडी परत फिरवायची आणि मग बायकोला सगळं सांगायचं, काय व्हायचं ते होऊ दे. हे ठरल्यावर त्याला इतकं हलकं वाटलं की अण्णा येणार नाहीत अशी त्याला आशाच वाटायला लागली.

आश्रम स्वच्छ होता. त्याचीच त्याला भीती वाटली. पांढऱ्या भिंती, फिनेलचा वास, ओल्या फरशीवर अजून न वाळलेले पुसण्याचे पट्टे, आणि फाटकापासून दारापर्यंत जाणाऱ्या वाटेला एक वळण, त्यामुळं आत काय आहे ते बाहेरून दिसत नव्हतं. अण्णा उतरले, वळणापर्यंत आले. तिथून पडवी दिसायची. पडवीत बाकांवर आठदहा म्हातारी माणसं एकाच दिशेला तोंड करून बसली होती. अण्णा थांबले. त्यांनी पाय रोवले. किल्ल्यांचा जुडगा वाजवत एक बाई आतून लगबगीनं आली आणि चला आजोबा, चला चला, म्हणत तिनं त्यांचा दंड धरला. अण्णांचं पोट आत गेलं. डोळ्याचं पांढरं मोठं झालं. "ओढू नका," तो त्या बाईला म्हणाला, इतक्या कडक आवाजात की तिनं हात सोडला. "घाई करू नका. मी आणतो." हे वाक्य तोंडातून गेलं आणि त्याला कळलं की आपण गाडी परत फिरवणार नाही. डावा हात उठलेला होताच. पांढऱ्या विरळ केसांखाली कवटी संपून मान सुरू होते ती जागा त्याच्या बोटांना लगेच सापडली. अण्णांचं कातडं उबदार आणि सैल होतं. तो हुंकार द्यायला लागला. बापानं डोळे मिटले. दोनदा थरथरला. आणि मग, डोळे न उघडता, हळू आवाजात अण्णांनी विचारलं:

"दुसऱ्या हातात काय आहे?"

उजवा हात पाठीमागं होता. गाडीतून उतरताना त्यानं सीटखालून ओढून घेतलेली बॅग त्या हातात होती. कुणीतरी गरम पाण्यात बुडवल्यासारखा त्याचा चेहरा तापला. हा माणूस ओळखणार नाही तर कोण ओळखणार? यानंच तर शिकवलं.

"काही नाही, अण्णा."

"खोटं," अण्णा म्हणाले, आणि हसले. मिटल्या डोळ्यांनीच, खुदकन. त्या हसण्याचा अर्थ लावायची त्याची छाती झाली नाही. मग म्हाताऱ्यानं आपलं सगळं डोकं त्याच्या तळहातावर टाकलं. वजन फार नव्हतं. वळणापासून दारापर्यंत वीसेक पावलं दोघं तसेच चालले. दारात बाईनं बॅग घेतली, नाव लिहून घेतलं, सही घेतली. ती खरंच प्रभावित झाली होती. बाकीचे फार त्रास देतात हो, म्हणाली, हे किती शांत आले. त्यानं मागं वळून पाहिलं नाही. हाही नियमच होता.

घरी पोचला तेव्हा ऊन कलत होतं. बायको दारातच उभी होती. तिच्या डोळ्यांखाली काळं दिसत होतं, दुपारभर तिलाही चैन पडलेलं नसणार. तिनं पाण्याचा पेला पुढं केला आणि विचारलं,

"शांतपणे गेले ना?"

"हो," तो म्हणाला. "अगदी शांतपणे."

तिनं सुस्कारा सोडला. त्यानं पाणी पिऊन टाकलं. तेवढ्यात मावशी भिंगरीला सोडून गेली, आणि तीन आठवडे आवरून धरलेली पोरगी घरभर सुटली. या खोलीतून त्या खोलीत, पडद्याआड, पलंगाखाली. आजोबा कुठं आहेत? डोळे तपासायला गेलेत, बायको म्हणाली, काही दिवस तिथंच राहतील. खोटं नव्हतं, खरंही नव्हतं. पोरीनं ते ऐकून घेतलं, थोडा वेळ हिरमुसून उभी राहिली, मग आजोबांच्या खोलीतला बुटका स्टूल ओढत आणला आणि बापासमोर ठेवून त्यावर बसली. बायको पलंगाच्या कडेला बसून पोरीच्या पिशवीतले कपडे घडी करत होती. खिडकीतून उन्हाचा शेवटचा तुकडा फरशीवर आला होता.

"बाबा, तू कर," भिंगरी म्हणाली. "आजोबा करायचे तसं."

बायकोचे हात थांबले. काय करायचे, तिनं विचारलं. तिला आवाज शांत ठेवावा लागला. पोरगी मोठ्या माणसांच्या अडाणीपणाला कंटाळल्यासारखं सांगायला लागली. खेळ होता तो. डोळे मिटायचे. आजोबा कानामागं हात ठेवतात, हं हं करतात. हसू आलं तर आऊट. डोकं टाकून द्यायचं. मग विचारायचं, दुसऱ्या हातात काय आहे? आजोबा म्हणतात काही नाही. मग आपण म्हणायचं खोटं. मग ते दाखवतात. कधी द्राक्ष असतं, कधी शेंगदाणे असतात, कधी खरंच काही नसतं, तेव्हा ते म्हणतात रिकामा आहे आणि जास्त हसतात. "त्या दिवशी रिकामा होता," ती म्हणाली, "पण आई ओरडली."

बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. तो पोरीपुढं गुडघ्यांवर बसलेला होता. त्याच्या कानात ते खुदकन हसणं वाजत होतं. म्हातारा ओळखून हसला नव्हता. म्हातारा खेळत होता. आश्रमाच्या वाटेवर, त्या वळणावर, त्याला कुणीतरी एकदाचं खेळायला घेतलं होतं, आणि आता तो हात पुढं येईल, त्यात द्राक्ष असेल, म्हणून त्यानं डोकं टाकलं होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. बापाचा हात त्यानं आपल्या हातावरून ओळखला होता.

"कर ना," भिंगरी म्हणाली. तिनं डोळे घट्ट मिटले, मान पुढं केली आणि हसू आवरायला ओठ दाबले. त्यानं डावा हात तिच्या कानामागं ठेवला. मान इतकी बारीक होती की बोटं जवळजवळ पलीकडे पोचली. हुंकार त्याला द्यावा लागला नाही, तो आपणच सुरू झाला. पोरगी हसली नाही. तिनं वजन दिलं, झोपेत देतात तसं, सगळं. मग मिटल्या डोळ्यांनीच तिनं विचारलं,

"दुसऱ्या हातात काय आहे?"

त्याला बायकोकडे बघायचं नव्हतं, पण तो बघून चुकला. ती पोरीकडे बघत नव्हती, त्याच्या चेहऱ्याकडेही नव्हती. तिच्या मांडीवर अर्धा घडी केलेला फ्रॉक होता आणि तिची नजर त्याच्या पाठीमागं, कमरेपाशी, खिळलेली होती. ती कुठं बघते आहे ते बघायला त्याला मान वळवावी लागली. शर्टाची किनार मुठीत धरलेली होती. कोपर मागं ताणलेलं होतं.

"बाबा, सांग ना."

"रिकामा आहे," तो म्हणाला.

बायकोनं फ्रॉक बाजूला ठेवला. "भिंगरी," ती अगदी शांतपणे म्हणाली, "इकडे ये. माझ्यापाशी ये."